गुरुवारचं गिऱ्हाईक

सोमवार, ३ सप्टेंबर १९६२

पाद्रीबुवांनी ही वही दिली. म्हणाले, "सिस्टर गॅडिस, आजपासून सगळं लिहून ठेवा. कुठली गाडी आली, कधी आली, कोण काय बोललं." मी विचारलं, कशासाठी? ते हातातली टोपी फिरवत राहिले. मग म्हणाले, "पुढे कुणी विचारलं, तर कागद हवा." विचारतील तेव्हा उत्तर द्यायला मी असेन का, ते काही बोलले नाहीत.

तर कागदासाठी लिहिते. मी लुविनिया गॅडिस. वय एक्केचाळीस. मिसिसिपीतल्या या गावात घराच्या पुढच्या खोलीत माझं पार्लर आहे. नवरा एझेल सरकीच्या तेलाच्या गिरणीत आहे. सोमवारी पार्लर बंद असतं, तेव्हा चार बायका येतात आणि मी त्यांना मतदार म्हणून नाव नोंदवायचा अर्ज भरायला शिकवते. बाहेर विचारलं तर शिवणकामाचा वर्ग आहे, असं सांगायचं.

आम्हा काळ्यांना मत देता येऊ नये म्हणून यंदा नवा कायदा झालाय. अर्ज करणाऱ्याचं नाव आणि पत्ता दोन आठवडे पेपरात छापायचा. कुणाची हरकत असली तर त्याला कळावं म्हणून, म्हणे! म्हणजे मालकाला कळावं, सावकाराला कळावं, आणि ज्याच्या हातात रॉकेलचा डबा आहे त्यालाही घर शोधत फिरावं लागू नये.

वही केसांच्या मलमाच्या खोक्यात, तळाला ठेवणार.

गुरुवार, ६ सप्टेंबर

गुरुवारी दुपारनंतर गोऱ्यांच्या घरी राबणाऱ्या बायकांना सुट्टी असते, म्हणून आमच्याकडे गर्दी. आज ओथा पेटवे आली. अठ्ठावन्न वर्षांची बाई. एकोणीस वर्षं स्ट्रिकलंडच्या घरी स्वयंपाक करते, त्याच्याच परसातल्या खोलीत राहते. हा स्ट्रिकलंड म्हणजे कोर्टातला नोंदणी क्लार्क. आमचे अर्ज घेणारा आणि नापास करणारा. गुरुवारी बाराला त्याचा जेवणाचा डबा कोर्टात पोचवायचा आणि तिथून सरळ माझ्याकडे यायचं, हा तिचा क्रम.

ती नेहमी खिडकीजवळच्याच खुर्चीत बसते. मी म्हटलं, "मिस ओथा, डोळ्यावर ऊन येतंय तुमच्या, आत सरका."

"राहू दे गं, बरं वाटतं."

तेवढ्यात हिरवा पिकअप ट्रक आला, पुढचा एक दिवा फुटलेला. दारासमोर हळू झाला. ओथानं खिडकीतून मान डोलावली, ट्रकवाल्यानं बोट टोपीला लावलं आणि तो निघून गेला. दोन वाजून दहा मिनिटं. मला ती ओळख आवडली नाही.

मग ही विचारते, "सोमवारी शिवणकाम चालतं म्हणे तुझ्याकडे. आधी काय शिकवतात? सुईत दोरा ओवायला?"

माझ्या हातात केस सरळ करायचा लोखंडी कंगवा होता, स्टोव्हवर तापवलेला. तिचा कान भाजता भाजता राहिला.

सोमवार, १० सप्टेंबर

आधी कोण जाणार, यावर तासभर गेला. शेवटी चौघींतली झिनोबिया म्हणाली, "मास्तरीणबाई पुढे, आम्ही मागे. एवढं घडाघडा वाचता येतं ते काय कामाचं?" सगळ्या हसल्या. मीही हसले आणि पंचवीस तारीख सांगून बसले. तोंडातून निघून गेली.

एझेलला सांगितलं. तो ताटातली चवळी चिवडत म्हणाला, "जायला माझी ना नाही. फक्त दिवस सांगू नकोस. सांगितलास तर मी अडवीन."

गुरुवार, १३ सप्टेंबर

माझ्या भिंतीवर कॅलेंडर आहे. आपल्याच लोकांच्या अंत्यविधीवाल्यांनी छापलेलं, दर महिन्याला एक थोर माणूस. या महिन्यात गुलामीतून पळून मोठा वक्ता झालेला फ्रेडरिक डग्लस आहे, पांढरे केस मानेवर आणि डोळे वटारलेले. ओथा डोकं धुवून घेताना त्याच्याकडेच बघत होती.

"ह्याला लिहायवाचायला कुणी शिकवलं?"

"थोडंसं मालकिणीनं. मालकानं ते बंद केलं, मग उरलेलं चोरून."

"कुणाच्या घरात राहून?"

"मालकाच्याच."

"मालकाच्याच घरात!" म्हणाली आणि अशी हसली की फेस माझ्या एप्रनवर. यात हसण्यासारखं काय आहे?

मग आणखी चौकशा. "तो अर्ज पेननं भरायचा की पेन्सिलनं? कितवी ओळ नावाची? वाचता नाही आलं तर हाकलतात की कागद तरी घेतात?" मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी केस करते. बाईला माझ्या तोंडून काढून घ्यायचंय आणि संध्याकाळी स्ट्रिकलंडच्या ताटात वाढायचंय. गोऱ्यांच्या स्वयंपाकघरातून तिकडचं इकडे आणि इकडचं तिकडे होतं, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत आहे. माझी आई म्हणायची, एक वेळ शेरीफसमोर बोल, पण शेरीफच्या आचारणीसमोर बोलू नकोस.

ट्रक आज पुन्हा आला. ओथाकडे बघून पुढे गेला.

मंगळवार, २५ सप्टेंबर

खरं लिहिते. दुसरीकडे कुठे लिहिणार?

गेले. निळा झगा, हातमोजे, डोक्यावर टोपी. गुलामी टिकवायला लढलेल्या त्या दगडी शिपायाच्या पुतळ्यावरून गेले, पायऱ्या चढले. आतल्या बोळात भिंतीवर मिशावाल्या न्यायाधीशांच्या आणि सेनापतींच्या तसबिरी आहेत, पंधरा-वीस तरी. सगळे नाकाखाली काहीतरी कुजल्यासारखे बघतात. अर्जात राज्यघटनेचं कलम लिहून त्याचा अर्थ सांगावा लागतो; मी पाठ केलेलं ते कलम मनात म्हणत चालले होते. काऊंटरपाशी पोचले. स्ट्रिकलंडनं मान वर केली आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "काय हवंय, लुविनिया?"

माझं नाव त्याला माहीत होतं. मी त्याला कधी सांगितलेलं नाही.

कलम डोक्यातून पार गेलं. मी म्हटलं, "काही नाही साहेब. चुकून आले." तो म्हणाला, "असं होतं कधीकधी. जपून जा." आणि मी जपून आले. गुडघे इतके कापत होते की पायऱ्या उतरताना कठड्याला धरलं.

संध्याकाळी झिनोबियाला आणि बाकीच्यांना सांगितलं, ऑफिस बंद होतं. एझेललाही तेच. मी! मुलांना खोटं बोलू नका म्हणून रविवारच्या शाळेत शिकवणारी मी.

गुरुवार, २७ सप्टेंबर

ओथा खुर्चीत बसली, आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "मंगळवारी ऑफिस बंद होतं म्हणे."

"हो."

"अच्छा." मग म्हणाली, "असेल, असेल. बंद असतं कधीकधी." आणि मांडीवरच्या पिशवीचा बंद सोडत-बांधत राहिली.

तिला माहीत आहे. तिचा मालकच बसतो तिथं. ती सगळ्यांना सांगणार. माझं तोंड काळं करायला या बाईला एक वाक्य पुरेल. मी तिचे केस नेहमीपेक्षा जोरात ओढले.

मंगळवार, २ ऑक्टोबर

इथल्या, मिसिसिपीतल्या ऑक्सफर्डच्या विद्यापीठात आपल्या एका मुलानं शिकू नये म्हणून रविवारी दंगल झाली. दोन माणसं गेली, सैन्य आलंय. काल वर्गाला कुणी आलं नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. आता महिनाभर कुणी विचारणार नाही, मास्तरीणबाई कधी जाताय म्हणून.

गुरुवार, ४ ऑक्टोबर

कॅलेंडरचं पान उलटलं. हॅरिएट टबमन, गुलामांना रातोरात पळवून नेणारी. ओथा खुर्चीतून पुढे वाकून बघत होती.

"हिला वाचता येत होतं?"

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही."

"आणि तरी इतक्या माणसांना सोडवून आणलंन." मग म्हणाली, "लुविनिया, हे सगळे भिंतीवर जायच्या आदल्या दिवशी काय करत असतील गं? पोटात गोळा आला असेल की नाही त्यांच्या?"

"पुस्तकात तसं काही लिहिलेलं नाही."

"मग पुस्तकवाल्यांनी नेमकं तेच गाळलंय," ती म्हणाली.

मला राग आला. मला टोमणा मारत होती, दुसरं काय!

मंगळवार, ९ ऑक्टोबर

एझेल दुपारी जेवायला आला तो टोपी न काढताच बसला. गिरणीतल्या साहेबानं त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "तुझी बायको कोर्टात वाट चुकली होती म्हणे. बायकांना वाट दाखवायचं काम नवऱ्याचं असतं, एझेल. चांगला माणूस आहेस तू."

मी भेंडीची वाटी त्याच्यापुढे सरकवली.

एझेल म्हणाला, "ऑफिस बंद होतं ना त्या दिवशी?"

"हो."

त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "भेंडी छान झालीय," आणि मान खाली घालून जेवला. त्याचं ताट तसंच अर्धं राहिलं.

हे सांगितलं कुणी? दुसरं कोण असणार? ओथा! तिनंच मालकाच्या कानात घातलं, तिथून गिरणीत गेलं. खिडकीत बसते तीसुद्धा खुणा करायला. ट्रकवाल्याला मान डोलावते ती मी माझ्या डोळ्यांनी बघितलीय. इतके दिवस मी काय झोपले होते?

गुरुवार, ११ ऑक्टोबर

ओथाचं डोकं धुतलं, पुसलं. कंगवा तापत ठेवला होता. ती म्हणाली, "आज जरा नीट कर हं, चापूनचोपून. पुढल्या गुरुवारी एका ठिकाणी जायचंय, तोवर टिकायला हवेत."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी स्टोव्ह विझवला. "मिस ओथा, माझे हात दुखतायत. इथून पुढं तुम्ही दुसरीकडे बघा."

दुकानातल्या सगळ्या माना वळल्या. झिनोबिया ड्रायरखाली होती, तिनंही ड्रायर वर केला.

ओथानं आरशातून बघितलं. तिचे केस ओले, चारी बाजूंना उभे. असं कुठल्याही बाईला कुणी बघू नये, मी तरी निदान. ती म्हणाली, "माझ्यामुळे तुला त्रास झाला का गं पोरी?"

"तुम्हालाच ठाऊक."

ती उठली. नेहमीचे पैसे आरशापुढे ठेवले, न केलेल्या कामाचेही. ओल्या केसांवर रुमाल बांधला, खुर्ची सरळ केली आणि गेली. झिनोबिया म्हणाली, "बरं केलंस. तोंडावर सांगितलंस ते." मग मलाही वाटलं, बरं केलं. पण तिचे पैसे अजून आरशापुढेच आहेत.

गुरुवार, १८ ऑक्टोबर

ओथा आली नाही. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. तिथं बसायला कुणी तयार नाही, डोळ्यावर ऊन येतं म्हणतात.

दोन वाजता हिरवा ट्रक आला आणि आज पहिल्यांदाच थांबला. तो माणूस खाली उतरला, खिडकीच्या काचेला दोन्ही हात लावून आत बघितलं. मग दार उघडून आत आला. चार बायका मान खाली घालून बसलेल्या. त्यानं कॅलेंडर बघितलं, स्टोव्ह बघितला, माझ्याकडे बघितलं. "इथं रॉकेलचे स्टोव्ह फार दिसतायत. जागा जुनी, लाकडी. सांभाळा." एवढंच बोलून गेला.

गेल्यावर मी घड्याळ बघितलं. दोन वाजून सात मिनिटं. नंबरपाटीला चिखल फासलेला होता. ओथाला घालवून दिली तर हे थांबायला हवं होतं. उलट वाढलंच. कळत नाही.

मंगळवार, २३ ऑक्टोबर

रेडिओवर क्युबा, क्युबा. रशियानं तिथं बाँब आणून ठेवलेत, कधीही पडतील म्हणे. बाजारात गोऱ्या बायका पांढऱ्याफटक चेहऱ्यानं डबाबंद दूध गोळा करत होत्या. झिनोबिया म्हणाली, "बरं झालं. घराबाहेर काय उभं असेल या भीतीनं जेवण कसं जात नाही, ते त्यांनाही कळू दे चार दिवस."

हसले. कितीतरी दिवसांनी.

गुरुवार, २५ ऑक्टोबर

दुपारी पेपर आला. झिनोबिया धावतच घेऊन आली, एक पायमोजा खाली घसरलेला. "वाच, वाच, मला वाटतं माझंच वाचण्यात चुकतंय."

शेवटून दुसरं पान. 'मतदार नोंदणीसाठी आलेले अर्ज.' एकच नाव होतं.

ओथा पेटवे. आणि खाली पत्ता. स्ट्रिकलंडचा स्वतःचा! त्याच्याच घराचा नंबर, त्याचीच गल्ली. ती राहते तिथंच, दुसरा कुठला घालणार होता तो?

मी खाली बसले. खिडकीजवळच्या खुर्चीत. ऊन सरळ डोळ्यांत येत होतं. समोरचा पूर्ण रस्ता दिसत होता आणि रस्त्याला मी.

पुढल्या गुरुवारी एका ठिकाणी जायचंय, म्हणाली होती ती. आणि मी तिला ओल्या केसांनी घालवून दिली. देवा, मला क्षमा कर. ती माझ्याकडे सोमवारचा वर्गच शिकत होती, गुरुवारी, पैसे देऊन.

शुक्रवार, २६ ऑक्टोबर

ओथा आता पाद्रीबुवांच्या मागच्या खोलीत आहे. अर्ज दिला त्याच दिवशी स्ट्रिकलंडनं हाकललं; पाद्रीबुवांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. एकोणीस वर्षांचा संसार दोन खोक्यांत. खोलीच्या खिडकीची काच फुटलेली, तिथं पुठ्ठा लावलाय. बुधवारी कुणीतरी वीट टाकली.

मी कंगवा, छोटा स्टोव्ह आणि मलम घेऊन गेले होते. दारातच रडायला लागले. ती म्हणाली, "आत ये. आधी स्टोव्ह ठेव, मग रड, नाहीतर पाडशील."

मी केस करायला घेतले आणि ती सांगायला लागली.

"बाराला गेले नेहमीसारखी. पण पुढच्या दारानं. साहेबांनी बघितलं आणि हात पुढं केला, डब्यासाठी. म्हणाले, आज काय आणलंस, ओथा? मी म्हटलं, आज डबा नाही साहेब, अर्ज द्या."

"मग?"

"त्यांचा हात तसाच राहिला गं पुढे. मला वाईट वाटलं. एकोणीस वर्षं जेवू घातलंय त्या माणसाला." ती हसत होती, पण तिची मान माझ्या बोटांखाली थरथरत होती. "नाव लिहिलं. पुढचं काही येईना, तर प्रत्येक ओळीवर नावच लिहिलं. नापास होणार ते ठाऊकच होतं. पण छापावं लागलं ना त्यांना! जन्मात पहिल्यांदा नाव छापून आलं. मेल्यावरसुद्धा आलं नसतं त्या पेपरात. गोऱ्या बायकांसारखं नावाआधी मिसेस लावलं नाही मेल्यांनी, ते सोड."

मग मी सगळं सांगितलं. पंचवीस तारीख, काऊंटर, चुकून आले साहेब.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "त्या दिवशी जेवताना साहेब सांगत होते बाईसाहेबांना, हसत होते. मी वाढत होते."

म्हणजे गिरणीतही त्यानंच. अर्थात त्यानंच! मी त्याच्यासमोर उभी राहिले होते, माझं नाव त्यानंच घेतलं होतं, आणि मी महिनाभर हिच्या नावानं खडे फोडत होते.

"कुणाला बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? मला उलट बरं वाटलं. रागावू नकोस." तिनं मान वळवली, मी कंगवा बाजूला धरला. "इतकी वर्षं मला वाटायचं, वाचता येत नाही म्हणून मला भीती वाटते. वाचायला आलं की जाईल, मग जाऊ. तुला तर घडाघडा येतं, तरी तू घाबरलीस. म्हटलं ओथा, ही भीती काही जायची नाही. मग थांबायचं कशासाठी?"

कंगवा माझ्या हातातच राहिला. तिनंच आठवण करून दिली, "कंगवा गार होतोय."

गुरुवार, १ नोव्हेंबर

आज गेले. एझेलला दिवस सांगितला नव्हता, पण सकाळी माझे बूट पुसून दारापाशी ठेवलेले होते.

झगा तोच. पायऱ्या त्याच, मिशावाले तेच. गुडघेही तसेच कापत होते, त्यात काडीचा फरक नाही. स्ट्रिकलंड म्हणाला, "पुन्हा वाट चुकलीस, लुविनिया?" मी म्हटलं, "नाही साहेब. अर्ज द्या." पहिलं अक्षर वाकडं आलं. पण लिहिलं. सगळ्या ओळी, कलम, त्याचा अर्थ, सही. त्यानं कागद न वाचता बाजूला सरकवला. नापास करणार. पुढच्या गुरुवारी पेपरात नाव, पत्ता, आणि मग जे काय व्हायचं ते.

दीड तासानं बाहेर आले. समोरच दगडी शिपायाच्या चौथऱ्यावर ओथा बसलेली. जिथं आपल्यापैकी कुणी कधी बसत नाही, तिथं. चापूनचोपून केलेले केस, टोपी मांडीवर, भर उन्हात. कोर्टाच्या प्रत्येक खिडकीतून दिसेल अशी. रस्त्यापलीकडे हिरवा ट्रक उभा होता. त्यातला माणूस तिच्याकडे बघत होता आणि ती त्याच्याकडे. यावेळी तिनं मान डोलावली नाही.

"मिस ओथा, कधीपासून बसलाय? सावलीत तरी बसायचं."

"सावलीत बसून काय करू? त्यांना दिसायला नको का मी? आत गेलेली बाई बाहेर येते की नाही, ते बघणारं कुणीतरी आहे, एवढं त्यांना कळलं म्हणजे झालं."

मला माझी खिडकीजवळची खुर्ची आठवली. तिच्या डोळ्यांवर येणारं ऊन आठवलं, आणि दर गुरुवारी तिला तिथं बघून न थांबता पुढे गेलेला ट्रक.

मी तिच्या शेजारी बसले. ती थोडी सरकली आणि म्हणाली, "नीट बस. पुढे बस जरा, दिसायला हवीस."